सांगड

मराठीत आपण सारखी कशाची ना कशाची ‘सांगड’ घालत असतो. नोकरीची आणि संसाराची, मिळकतीची आणि खर्चाची, सासरची आणि माहेरची. घरात कन्नड बोलणारी आजी असेल तर ती नातवाला म्हणते, ‘नन्न संगड बा’, म्हणजे माझ्याबरोबर ये. आपली सांगड आणि आजीची संगड एकाच कुळातल्या. संस्कृतातला ‘संघाट’, म्हणजे लाकडाला लाकूड जोडणं, हा त्यांचा मूळपुरुष. सांगड म्हणजे मुळात एकत्र बांधलेल्या दोन होड्या किंवा नदी उतरायला जोडलेले ओंडके. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही दक्षिण हिंदुस्थानातल्या ‘संगर’ नावाच्या, मोठाले ओंडके जोडून केलेल्या नावांचा उल्लेख आहे. शब्द असा दोन हजार वर्षं पाण्यावर टिकून राहिला, तो माणसं होड्या बांधत राहिली म्हणून.

आमचं कोरगाव पेडणे तालुक्यातलं. तालुक्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा, पश्चिमेला हरमल-केरीचा समुद्र. शापोऱ्याच्या पलीकडच्या तीरावर शिवोलीला दर वर्षी २४ जूनला सांजांवच्या सणाला सजवलेल्या सांगोडांची मिरवणूक निघते. तिथे सांगड अजून वाक्प्रचारात गेलेली नाही, ती खरोखरची पाण्यावर दिसते.

बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात येणाऱ्यांना साखळी गाव ठाऊक असतंच. त्या साखळीत विठ्ठलापूरला, विठ्ठलाच्या देवळापाशी, वाळवंटी नदीत त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री छोट्या नौका सोडतात. शंकराने त्रिपुरासुराला मारलं त्याचा हा उत्सव. गोव्याच्या वेगवेगळ्या भागांतून मंडळी आपापल्या हातांनी केलेल्या नौका घेऊन स्पर्धेला येतात, दिवे लागतात आणि नदीभर उजेड हलू लागतो. त्याच पौर्णिमेला तिकडे ओडिशात केळीच्या सोपटांच्या नावांत दिवे ठेवून त्या पाण्यात सोडतात. पूर्वी जावा-बालीला व्यापाराला गेलेल्या दर्यावर्दी पूर्वजांची ती आठवण. दोन किनारे, दोन कथा, पण हातातलं खेळणं एकच.

खेळणं म्हटलं खरं, पण होडीची प्रतिकृती ही नुसती शोभेची वस्तू नसते. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ मुलखात ग्रीनलंडचे इनुइट आणि अलास्काचे युपिक लोक राहतात. त्यांची ‘कायाक’ ही एका माणसाची अरुंद, लांबट होडी. तिथे झाडं विरळ, पुष्कळ ठिकाणी मुळीच नाहीत. तेव्हा समुद्राने किनाऱ्याला आणून टाकलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं शिवायचं. सांगाडा पुरुषांनी करायचा, शिवण बायकांनी घालायची. सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, म्हणजे पाणी आत येत नाही. माप होडी वापरणाऱ्याच्या हातांचं आणि मुठींचं. शिंप्याने अंगाचं माप घेऊन सदरा शिवावा तशी प्रत्येकाची होडी निराळी. वल्ह्यांतही फरक. ग्रीनलंडकडे दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, तर युपिक लोकांकडे बहुधा एकाच पात्याचं.

हे लोक कायाकच्या छोट्या प्रतिकृतीही करत. काही मुलांना खेळायला, काही बाहेरून येणाऱ्या व्यापाऱ्यांना विकायला. पुढे बंदुका आल्या, मोटरबोटी आल्या आणि शिकारीची कायाक मागे पडली. त्या वेळी वस्तुसंग्रहालयांत जाऊन पडलेल्या जुन्या कायाक आणि प्रतिकृती हाच होडी बांधणाऱ्यांचा आधार झाला. ग्रीनलंडच्या तरुणांनी १९८० च्या दशकात कायाक मंडळं काढली, म्हाताऱ्यांकडून विद्या घेतली आणि आज तिथे दर वर्षी स्पर्धा होतात.

कातड्याची होडी ऐकून नवल वाटायला नको. आपल्या कन्नड मुलखातलं हरिगोलू आठवा. तुंगभद्रेवर हंपी-आनेगुंदीला दिसते ती टोपलीसारखी गोल होडी. सोळाव्या शतकात विजयनगर पाहायला आलेल्या डोमिंगो पाइश या पोर्तुगीजाने तिचं वर्णन लिहून ठेवलं आहे. आतून वेताची, बाहेरून कातड्याने मढवलेली, पंधरा-वीस माणसं वाहणारी आणि चालताना सारखी गोल फिरणारी. कायाक आणि हरिगोलू यांची जात एकच, सांगाडा आणि त्यावर कातडं. एक सरळ धावते, दुसरं फिरतं, कारण एक लांबट आणि दुसरं गोल. शाळेत याला विज्ञान म्हणतात.

आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरही होड्या शिवत. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, काथ्याच्या दोरीने फळीला फळी आवळायची, सांध्यात नारळाचा काथ्या ठासायचा. खिळा गंजतो, काथ्या गंजत नाही. लाटेच्या तडाख्याने शिवलेली होडी जराशी लवते, फुटत नाही. बाजूला उलांडी बांधली की ती कलंडत नाही. आता किनाऱ्यावर पाहाल तिथे फायबरच्या होड्या. त्या स्वस्तात निभावतात, दुरुस्ती कमी लागते, आणि पोट हातावर असलेल्याने जुनं का धरून बसावं? त्याला दोष नाही. पण काथ्याची गाठ मारणारा हात थांबला की ती गाठ कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

ही विद्या अगदीच संपलेली नाही, याचा मोठा पुरावा अलीकडचा आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत रंगवलेल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून नौदलासाठी एक शिवलेलं जहाज गोव्यात दिवाडीच्या बांधणीघरात तयार झालं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी हजारो टाके घालून ते शिवलं. पाण्यावर ते कसं वागेल याची परीक्षा आधी मद्रासच्या आयआयटीत प्रतिकृतीवर घेतली गेली. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं, नाव ‘कौंडिण्य’. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ते मस्कतला पोचलं. चित्र महाराष्ट्रातलं, बांधणी गोव्यातली, नामकरण कर्नाटकात. नद्यांच्या पाण्यावरून आपली राज्यं कोर्टात भांडत असली तरी ही सांगड जमली.

आता आपल्या घरापुरतं बोलू. त्रिपुरारी पौर्णिमा जवळ आली की मुलं थर्मोकोल मागतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली आहे, आणि बंदी नसती तरी नदीला तो नकोच आहे. त्यापेक्षा पोफळीची विरी आणा, कन्नड घरात तिला ‘हाळे’ म्हणतात. तासभर पाण्यात भिजवली की ती हवी तशी वळते. दोन्ही टोकं दुमडून दाभणाने सुतळीचे टाके घाला. आत बांबूच्या कांब्या आडव्या बसवा. मग घंगाळात सोडून पाहा. कलंडली तर तळाशी मूठभर वाळू टाका, नाहीतर बाजूला केळीच्या सोपटाची उलांडी बांधा. पणती जितकी खाली ठेवाल तितकी होडी स्थिर. दुसरी नाहीतर तिसरी होडी तरंगतेच, आणि मुलाला कळतं की बुडालेली होडी ही पुढच्या होडीची मास्तरीण असते.

काम चालू असताना आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि शब्द विचारा. मराठीत वल्हं, कन्नडमध्ये ‘हुट्टु’, आणि हुट्टु म्हणजे जन्मसुद्धा. आपल्याकडे नावाडी, तिकडे ‘अंबिग’. बाराव्या शतकातले शरण अंबिगर चौडय्या आपला धंदा नावापुढे मिरवत असत. शीड म्हणजे ‘हायी’, होडी म्हणजे ‘दोणी’. मुलाच्या वहीत डाव्या बाजूला मराठी आणि उजव्या बाजूला कन्नड शब्द लिहून घ्या. ज्यांचे आजोबा मासेमारी करत, तर चालवत किंवा सुतारकाम करत, त्यांनी तर हे काम पुढच्या पौर्णिमेपर्यंत लांबवू नये. ग्रीनलंडच्या पोरांना विचारायला म्हातारी माणसं वेळेत भेटली. आपल्या घरातली अजून ओसरीवर बसलेली आहेत, हाकेच्या अंतरावर.