गर्भाशय म्हणजे निव्वळ 'पिशवी' नव्हे!

- विशेष प्रतिनिधी

दसरा-दिवाळी आटोपली, की बीड जिल्ह्यातील अनेक गावे ओस पडू लागतात. संसाराचे गाठोडे, लेकरेबाळे आणि कोयता घेऊन हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडातच त्यांचा मुक्काम असतो. शहरी घरात सकाळच्या चहात पडणाऱ्या साखरेचा हा आरंभबिंदू आहे. या साखरेची एक किंमत अशी आहे, की जी कोणत्याही ताळेबंदात लिहिली जात नाही. ती ऊसतोड महिलांच्या शरीराने चुकवली आहे.

हा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ महिलांची गर्भाशये काढण्यात आल्याची माहिती त्या वर्षी खुद्द राज्य सरकारने विधिमंडळात दिली. पाठोपाठ नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या चौकशीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले. म्हणजे शंभरातील जवळपास १७ जणींचे. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हेच प्रमाण देशभरात सुमारे तीन टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे, हे मान्य केले तरी ही तफावत डोळेझाक करण्याजोगी खचितच नाही.

एका शब्दाने केलेला घात

या गावांमध्ये गर्भाशयाला कोणी गर्भाशय म्हणत नाही. 'पिशवी' हाच सर्रास वापरला जाणारा शब्द. शब्द साधा आहे, पण त्यात एक संपूर्ण समजूत दडलेली आहे. पिशवी म्हणजे काही ठेवण्याची वस्तू. मुले झाली, नसबंदीची शस्त्रक्रिया उरकली, की पिशवीचे काम संपले. मग रिकाम्या पिशवीचा जाच कशासाठी सोसायचा? विशीतच दोन-तीन बाळंतपणे उरकलेल्या स्त्रीला हा युक्तिवाद सहज पटतो. डॉक्टरने 'आज ना उद्या कॅन्सर होईल' अशी भीती घातली, की उरलासुरला विरोधही गळून पडतो.

वास्तविक स्त्रीची प्रजनन संस्था ही सुट्या भागांची जुळणी नाही. मूठभर आकाराचे गर्भाशय, त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी अंडाशये, त्यांना जोडणाऱ्या अंडनलिका आणि खाली गर्भाशयाचे मुख अशी तिची ढोबळ रचना. या सगळ्यांची सूत्रे मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडे असतात. या ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे दर महिन्याला अंडाशयात साधारणतः एक बीज परिपक्व होते. त्याच वेळी अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर जाड करते. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे अस्तर गर्भाच्या स्वागतासाठी सज्ज ठेवते. गर्भधारणा झाली नाही, तर दोन्ही संप्रेरकांची पातळी उतरते आणि अस्तर गळून पडते. तीच मासिक पाळी. दोन पाळ्यांमधील अंतर २१ ते ३५ दिवस असणे स्वाभाविक मानले जाते.

जन्मतः मुलीच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात. आयुष्यभरात त्यांपैकी जेमतेम चारशे-पाचशेच परिपक्व होतात. मात्र अंडाशयाचे काम बीज देण्यापुरते नसते. इस्ट्रोजेन हाडांची बळकटी राखते, हृदय व रक्तवाहिन्यांना संरक्षण देते. झोप आणि मनःस्थितीवरही त्याचा प्रभाव असतो. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर तिशीतल्या स्त्रीला एका रात्रीत रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा निघणे, सांधे व कंबर दुखणे, हाडे ठिसूळ होणे ही त्याची फळे. अंडाशये शाबूत ठेवली तरी त्यांचे काम काही वर्षे आधीच थंडावण्याची शक्यता वाढते. ज्या कामासाठी शरीर 'मोकळे' केले, त्याच कामाला ते शरीर मग अपुरे पडू लागते. यापरता दैवदुर्विलास कोणता?

दुखणे वेगळे, उपाय भलताच

बहुतेक महिला डॉक्टरकडे जातात त्या अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे किंवा जास्त रक्तस्राव अशा तक्रारी घेऊन. योनीतून थोडा पांढरा स्राव होणे नैसर्गिकच आहे. पाळीच्या चक्रानुसार तो कमी-अधिक होतो. त्याला दुर्गंधी असेल, खाज असेल, तर बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. अतिरक्तस्रावावरही संप्रेरकांच्या गोळ्यांपासून संप्रेरकयुक्त तांबीपर्यंत अनेक उपाय आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शंका असेल, तर साध्या तपासणीतून तिचा निकाल लावता येतो. मोठ्या गाठी, कर्करोग किंवा अन्य उपायांना दाद न देणारा रक्तस्राव अशा प्रसंगी गर्भाशय काढणे आवश्यक ठरतेच आणि ते जीवही वाचवते. आक्षेप शस्त्रक्रियेवर नाही. पहिला उपाय म्हणून ती करण्यावर आहे.

मुळात हा संसर्ग होतो कशामुळे? फडाजवळच्या कोपीत ना शौचालय, ना न्हाणीघर. पाण्याची ओढाताण. पाळीच्या दिवसांतही पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामात फेडायची असते. एका दिवसाचा खाडा झाला, तरी पैसे कापले जातात. अशा व्यवहारात पाळीचे चार दिवस 'परवडत' नाहीत. शस्त्रक्रियेसाठीही अनेकदा मुकादमाकडूनच उचल घेतली जाते आणि ती फेडण्यासाठी पुन्हा फड गाठावा लागतो. अज्ञान, गरिबी आणि नफेखोरी यांची ही गाठ इतकी घट्ट आहे, की यातील एकालाच दोषी ठरवून मोकळे होणे म्हणजे आत्मवंचना ठरेल.

नियम झाले, पुढे काय?

हे दुखणे केवळ बीडचे नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अनावश्यक शस्त्रक्रियांविरोधात डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर देखरेख समित्यांची तरतूद आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ही तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे निर्देश दिले. बीडमध्ये तर खासगी रुग्णालयांनी अशा शस्त्रक्रियांपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा आदेश २०१९ मध्येच निघाला होता.

तथापि परवानगीचा शिक्का हा शेवटचा अडसर आहे. स्त्री तिथवर पोहोचते, तोपर्यंत तिचा निर्णय बहुधा झालेला असतो. खरी लढाई त्याआधीची आहे. फडावर पाणी व शौचालय, पाळीत रजा घेतल्यास मजुरी न कापण्याची हमी, हंगामापूर्वी आणि हंगामानंतर सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी या गोष्टी चैनीच्या नव्हेत. साखर कारखाना आपली जबाबदारी मुकादमावर ढकलतो आणि मुकादम ती नशिबावर ढकलतो, हा शिरस्ता मोडल्याखेरीज त्या मिळणार नाहीत.

आणि शेवटी प्रश्न उरतो तो ज्ञानाचा. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजनन संस्थेचा धडा आहे. पण आईवडिलांबरोबर दरवर्षी फडावर जाणारी, कोवळ्या वयात लग्न लावून दिली जाणारी मुलगी दहावीपर्यंत पोहोचतेच कुठे? हा धडा तिला पाळी येण्यापूर्वी, तिच्या बोलीत आणि न लाजता शिकवला गेला पाहिजे. शहरातील सुशिक्षित घरांतही तो कितपत नीट शिकवला जातो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा. आपल्या शरीरात काय, कशासाठी आहे हे जिला ठाऊक आहे, ती किमान 'दुसरा उपाय नाही का?' एवढे तरी डॉक्टरला विचारू शकेल. हजारो शस्त्रक्रियांपूर्वी हा साधा प्रश्न विचारलाच गेला नाही, हीच या आकड्यांमागची खरी शोकांतिका आहे.