बायॉलॉजीतले गणित

बारावीनंतर बी.एस्सी.ला बायॉलॉजी घेतली की गणित सुटले, असे पुष्कळ पालक समजतात. पण ही हकिकत वाचा. क्ष-किरणांच्या चित्रांत प्रथिनाचा रेणू फोटोतल्या आजोबांसारखा ताठ दिसे. १९७७ मध्ये मार्टिन कार्प्लस व दोन सहकाऱ्यांनी गाईच्या स्वादुपिंडातले एक छोटे प्रथिन संगणकावर ‘चालवले’. प्रत्येक अणूवरचे बल काढायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित सरकवायचे, पुन्हा बल काढायचे. सेकंदाच्या अब्जांशाचा शंभरावा भागही पुरता पाहता आला नाही. पण रेणू सारखा हलत होता! औषध जिथे शिरून बसते, ती फट कधीकधी या हालचालीतच उघडते. २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल रेणूंच्या अशा संगणकी प्रतिकृतींसाठीच कार्प्लस, लेव्हिट व वॉर्शेल यांना मिळाले. तेव्हा मुलांच्या हातचे गणिताचे पुस्तक इतक्यात रद्दीत घालू नका.