भंडारा मतदारसंघाचा धडा

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात करडी नावाचे एक गाव आहे. पहिल्या तीन सार्वत्रिक निवडणुकांत तेथील मतदाराने तीन निरनिराळ्या राज्यांचा रहिवासी म्हणून मत दिले. १९५१-५२ मध्ये तो मध्य प्रदेशात होता, १९५७ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६२ मध्ये महाराष्ट्रात. गाव जागचे हलले नव्हते. नकाशे मात्र त्याच्यावरून सरकत गेले. ज्या 'भंडारा' या नावाच्या लोकसभा मतदारसंघाने ही सारी स्थित्यंतरे पचविली, तो २००८ च्या पुनर्रचनेत इतिहासजमा झाला. मतदारसंघ म्हणजे निवडणूक कचेरीच्या सोयीसाठी ओढलेली रेघ, असे समजणाऱ्यांनी त्याची कहाणी अवश्य अभ्यासावी.

आरंभी हा मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. पहिल्या निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज जसानी निवडून आले. परंतु ज्या पेढीचे ते भागीदार होते, तिचा सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता. शिवाय राखीव जागेसाठी गंगाराम थवरे यांनी भरलेला अर्ज, ते महानुभाव पंथात गेले म्हणून महार राहिले नाहीत, या कारणावरून फेटाळण्यात आला होता. फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही मुद्द्यांवर निर्णय दिला. सरकारशी करार असलेला उमेदवार अपात्र ठरला. पंथांतराने जात सुटत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. आणि संपूर्ण निवडणूक रद्द झाली. लोकप्रतिनिधीचा स्वार्थ आणि उमेदवाराची सामाजिक ओळख या दोन प्रश्नांची चर्चा आजही संपलेली नाही. तिचा एक आरंभ विडीच्या या मुलखात झाला.

त्यातून झालेल्या १९५४ च्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले. मतदाराला तेव्हा दोन मते होती. केवळ बाबासाहेबांना एक मत देऊन दुसरे वाया घालवावे, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला असता त्यांनी तो मानला नाही, असे सांगितले जाते. राज्यघटनेच्या शिल्पकाराला लोकसभेत धाडण्याची संधी या जिल्ह्याने गमावली, ही खंत तेथे आजही बोलून दाखविली जाते, आणि ती रास्तच आहे. पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य पद्धतच बंद झाली.

याच अशोक मेहतांना १९६७ साली भंडाऱ्याने पुन्हा निवडले, तेव्हा ते काँग्रेसमध्ये होते. चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमणाबाबत भारत सरकारने घेतलेली भूमिका न पटल्याने १९६८ साली त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. धानाच्या शेतांतून निवडून गेलेल्या प्रतिनिधीने युरोपातील एका राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठी सत्ता सोडावी, ही या मतदारसंघाच्या इतिहासातील मानाची गोष्ट होय.

१९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. २००२ च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून नव्या सीमा आखल्या आणि २००९ पासून 'भंडारा-गोंदिया' हे जोडनाव रूढ झाले. यात कुणाचा कट होता, असा आमचा आक्षेप नाही. लोकसंख्या बदलते, तेव्हा सीमाही बदलल्या पाहिजेत. एका मताचे मोल दुसऱ्याइतके राहावे, यासाठी ते आवश्यकच आहे. आमचे म्हणणे निराळे आहे. आयोगाचा आदेश एकदा प्रसिद्ध झाला की सामान्यतः त्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही. नागरिकाला बोलण्याची जी काही संधी असते ती मसुदा प्रसिद्ध झाल्यानंतरच्या हरकती व जाहीर सुनावण्या एवढीच. आयोगाबरोबर सहयोगी सदस्य म्हणून बसतात ते आमदार-खासदारच. आणि आपल्या आसनाची काळजी त्यांना मतदारापेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे.

म्हणूनच पुढची आखणी होईल तेव्हा सुशिक्षित नागरिकांनी, ग्रामपंचायतींनी व वकील मंडळींनी मसुदा हाती घेऊन हरकती नोंदविल्या पाहिजेत. निवडणुकीच्या दिवशी रांगेत उभे राहणारा आपला सुशिक्षित वर्ग मतदारसंघ आखला जात असताना बहुधा घरीच असतो. आपले मत कोणाच्या मतांत मिसळणार, हे त्या नकाशावर आधीच ठरते. करडीच्या मतदाराला नकाशे बदलण्यापूर्वी कोणी विचारले नाही. पुढच्या वेळी त्याने, आणि आपणही, न विचारता सांगावे.