विंडोज १० चा सपोर्ट संपला: चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जुन्या संगणकांचे काय करायचे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही आणि घोळ नेमका इथेच आहे. स्क्रीन पूर्वीसारखीच उघडते, प्रिंट निघते, फॉर्म भरले जातात. ‘चाललेय ना, मग कशाला हात लावायचा?’ असे वाटणे साहजिक आहे. पण सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारे अपडेट आता आपोआप येत नाहीत. नवी त्रुटी सापडली की ती तशीच उघडी राहते.

दुसरीकडे ‘हा जुना झाला, नवा घ्या’ असा सल्ला सर्रास मिळतो. तोही घाईचाच. संगणक किती जुना आहे यापेक्षा त्यावर काय काम होते, हे पाहून निर्णय घ्यायला हवा.

विंडोज ११ का चालत नाही?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यावर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसरही हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१६-१७ मध्ये घेतलेला, आजही ठणठणीत चालणारा संगणक केवळ या अटीमुळे बाद ठरतो.

आधी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप चालवून पाहावे. काही संगणकांत टीपीएम असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. ते सुरू केले की अडचण सुटू शकते. मूळ विंडोज १० अधिकृत असेल आणि संगणक पात्र असेल, तर विंडोज ११ फुकट मिळते. अटी चुकवून ‘टाकून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

नेट आणि विजेचा प्रश्न

ही फाइल काही जीबींची असते. मोबाइलच्या रोजच्या डेटावर ती उतरवणे कठीण. राज्याला वीज देणारे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र चंद्रपुरात असले, तरी आतल्या गावांत वीज कधी जाईल याचा नेम नसतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो.

त्यामुळे चांगले नेट असलेल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलेशन तयार करून आणणे सोयीचे. विंडोज १० सुरू असतानाच त्यातले सेटअप चालवले, तर फाइल्स आणि प्रोग्राम जागेवर ठेवता येतात. तरीही आधी बॅकअप घ्यावा. डेस्कटॉपला इन्व्हर्टर किंवा यूपीएस असल्याशिवाय काम सुरू करू नये.

संगणक पात्र नसेल तर?

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ योजना ठेवली आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते हवे. सेटिंग्ज त्या खात्याशी सिंक केल्या तर पैसे लागत नाहीत. नाही तर ३० डॉलर भरावे लागतात. नोंदणी सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये होते. कार्यालयीन नेटवर्कला जोडलेले संगणक मात्र या योजनेत बसत नाहीत.

दुसरा मार्ग लिनक्सचा. उबुंटू किंवा लिनक्स मिंट मोफत आहे आणि पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहता येते. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षांपासून लिनक्स वापरतात. युनिकोड मराठी त्यात व्यवस्थित चालते. जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र तो फॉन्ट असेल तरच वाचता येईल.

काम पाहा, मग ठरवा

फक्त गाणी, चित्रपट आणि टायपिंगच्या सरावासाठीचा संगणक नेट काढून आहे तसा वापरला तरी चालेल. मुलांच्या अभ्यासासाठी लिनक्स पुरेसे आहे. पण ज्यावर बँकेचे व्यवहार होतात, गावकऱ्यांचे आधार आणि सातबारा स्कॅन होतात, त्यावर अपडेटशिवाय एक दिवसही काम करू नये. २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा बांबू-तेंदूचे व्यवहार स्वतः करू लागल्या. असा हिशेब ज्या संगणकावर असेल, तो बिघडला तर नुकसान साऱ्या गावाचे होते.

खरी अडचण इथे आहे. बायोमेट्रिक यंत्र किंवा डिजिटल सहीचे टोकन लिनक्सवर चालेलच असे नाही. त्यामुळे गावातल्या केंद्रचालकाला मोफत पर्याय असूनही तो घेता येत नाही आणि नव्या संगणकाचा खर्च त्याच्याच खिशावर येतो. दाखल्यापासून अनुदानापर्यंत सगळे ऑनलाइन करण्याचा निर्णय शासनाचा होता. मग ही यंत्रे आणि पोर्टल लिनक्सवरही चालतील, हे पाहणे शासनाचेच काम आहे. सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित देशी प्रणाली आधीच तयार केली आहे आणि संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘माया’ स्वीकारली. दिल्लीतल्या कार्यालयाला जे जमते, ते एटापल्लीच्या सेवा केंद्रालाही मिळायला हवे.

तोवर घरच्या संगणकाची नोंदणी आजच करून घ्या. मिळालेला वेळ पुढचा पर्याय शोधायला वापरा, विसरून जायला नव्हे.