खाली जाण्याचा हक्क

रत्नागिरीला स्वतःचा म्हणावा असा मोठा फुटबॉल क्लब नाही. आपल्याकडे खेळ म्हटला की आधी कबड्डी, मग क्रिकेट; फुटबॉल बहुतेक पावसाळ्यातला किंवा भाट्याच्या ओल्या वाळूवरचा. त्यामुळे इथल्या फुटबॉलवेड्याचा जीव बाहेरगावच्या संघात अडकलेला असतो. उत्तरेला मुंबई, दक्षिणेला गोवा, आंबा घाट चढला की कोल्हापूर, पुढे पुणे. यातल्या पहिल्या दोन दिशांनी त्याला बरेच सोसायला लावले आहे. 2015 मध्ये गोव्याचा डेंपो, 2017 मध्ये मुंबई एफसी आणि 2023 मध्ये मुंबईचाच केंकरे एफसी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खालच्या विभागात गेले. टीव्हीवरच्या इंग्लिश लीगला वाहिलेली पोरे आणखी वेगळी. मे महिन्याच्या उत्तरार्धात, हापूसच्या शेवटच्या पेट्या भरल्या जात असतात त्या सुमारास, एका रविवारी रात्री साडेआठला तिथले दहाही सामने एकदम सुरू होतात. त्यात वळवाच्या पावसाने वीज गेली की घरातला पोरगा अंधारात मोबाइलवर तळाच्या संघांचे गुण मोजत बसतो. पलीकडच्या खोलीतून आवाज येतो, "अरे, तुझं काय जातंय त्यात?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे व्यवहारी शहाणपण आहे. संघ खाली गेला की खेळाडू दुसरा करार शोधतो, प्रशिक्षक दुसरी नोकरी पाहतो, मालक ताळेबंदाकडे वळतो. ज्याला त्याला पुढचा रस्ता असतो. जुनी जर्सी घालून जागच्या जागी उभा राहतो तो फक्त चाहता. त्याने तिकिटाचे पैसे मोजले, संध्याकाळ दिली, घसा बसेपर्यंत ओरडला. पण जन्मभराचा करार काही केलेला नव्हता. मुंबई एफसी खाली गेला तेव्हा त्याच शहरात मुंबई सिटी एफसी इंडियन सुपर लीगमध्ये खेळत होता. 2016 मध्ये उरुग्वेचा दिएगो फोर्लान त्यांच्याकडून उतरला होता. विश्वचषकातला सर्वोत्तम ठरलेला खेळाडू अंधेरीत पाहायला मिळत असेल आणि कूपरेजवरचा मुंबई एफसीचा एखादा चाहता तिकडे वळला असेल, तर त्याला गद्दार कोणत्या तोंडाने म्हणायचे? खेळ हा अखेर विरंगुळा आहे. विरंगुळ्याने झोप उडायला लागली तर तो सोडून देण्याची मुभा प्रत्येकाला असावी.

मात्र हाच युक्तिवाद घाटावर कोल्हापुरात करून पाहावा. तिथे संघ निवडायचा नसतो. पेठ आणि तालीम तो ठरवून देतात. पाटाकडील तालीम हरली म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी खंडोबाचा होत नाही, आणि झालाच तर घरी जेवताना मान वर करता येणार नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आजोबा आणि नातू एकाच रंगाचा झेंडा घेऊन बसतात तेव्हा त्या नात्यात विरंगुळ्याहून अधिक काही असते, हे मान्य करावे लागते. या निष्ठेचा दुसरा चेहराही कोल्हापूरने पाहिला आहे. प्रेक्षकांतली हुल्लडबाजी आणि त्यापायी थांबलेले सामने हा तिथल्या फुटबॉलचा जुना दुखरा भाग आहे. तरीही संघ ज्याच्या ओळखीचा भाग झाला आहे, त्याला "दुसरा बघ" हा सल्ला देता येत नाही. त्याच्या लेखी दुसरा नसतोच.

दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि हा वाद एवढ्यावर सोडताही आला असता. पण चाहत्याच्या दुःखाचे मोल ठरवायचे तर एक पायरी खाली उतरावे लागते. तळाच्या संघाला खालच्या विभागात ढकलण्याची ही रीत, जिला सगळे रेलिगेशन म्हणतात, ती मुळात असावी का?

नसावी असे म्हणणाऱ्यांची बाजू आपल्या देशात तरी भक्कम आहे. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबला प्रक्षेपणाच्या पैशातला घटता वाटा साधारणपणे तीन वर्षे मिळत राहतो, म्हणजे पडणाऱ्याखाली जाळी धरलेली असते. आपल्याकडे अशी जाळी नाही. वरच्या विभागातून गेले की टीव्ही गेला, टीव्ही गेला की जाहिरातदार गेला. 2007 मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी नऊ हंगाम आय-लीगमध्ये तग धरून होता. 2016-17 मध्ये दहा संघांत दहावा आला, आणि त्यानंतर पुन्हा उभा राहिलाच नाही. अशा वेळी फक्त अकरा खेळाडू बेकार होत नाहीत. मैदानावर पाणी मारणारा, किट धुणारा, वयोगटाच्या संघात नुकती निवड झालेली उपनगरातली मुले, सगळ्यांचे काम एकदम संपते. याउलट प्रो कबड्डीकडे पाहा. तेलुगू टायटन्स सलग तीन हंगाम तळाला राहिले, तरी पुढच्या वर्षी मैदानात होते. मालकाला उसंत मिळाली, खेळाडूंना पगार मिळाले. गावोगावच्या कबड्डीपटूंचे पोट या व्यवस्थेवर चालते, हे रत्नागिरी जिल्ह्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरीकडे, बंद दरवाज्याची लीग संघाला वाचवतेच असेही नाही. एफसी पुणे सिटी 2014 पासून इंडियन सुपर लीगमध्ये होता. तिथे रेलिगेशन नव्हते, त्यामुळे तो कधी खाली गेला नाही. 2017-18 मध्ये तर उपांत्य फेरीपर्यंत पोचला. 2019 च्या पावसाळ्यात तो बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. पुण्याच्या चाहत्याला शेवटच्या सामन्याची धडधड मिळाली नाही, हरल्याचे रडू मिळाले नाही, परत येण्याची आशा तर नाहीच. एसटी दोन तास उशिरा येणे आणि फेरीच रद्द होणे यात जो फरक आहे, तोच रेलिगेशन आणि या प्रकारात आहे. पहिल्यात माणूस स्टँडवर शिव्या घालत का होईना, थांबतो.

थांबल्याचे फळ कधी मिळते, कधी नाही. इंग्लंडचा संडरलँड 2017 आणि 2018 अशा लागोपाठ दोन वर्षी खाली घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला. त्याच 2018 च्या 26 डिसेंबरला त्यांच्या मैदानावर 46,039 लोक आले होते, तिसऱ्या श्रेणीतला सामना बघायला! 2025 मध्ये तो संघ प्रीमियर लीगमध्ये परतला. इंग्लंडच्याच लुटनला मात्र हेच दान उलटे पडले. 2024 मध्ये ते प्रीमियर लीगमधून खाली आले आणि 2025 मध्ये आणखी एक पायरी. संडरलँडची गोष्ट सांगून कोणी रेलिगेशनचे गोडवे गात असेल, तर त्याला लुटनची आठवण करून द्यायला हवी.

आता डेंपोकडे येऊ. रत्नागिरीतून कोकण रेल्वेने मडगावला जाऊन फातोर्ड्यावर सामने पाहणाऱ्याला ही जखम सांगायला नको. डेंपो पाच वेळा राष्ट्रीय विजेता: 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10 आणि 2011-12. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, पुढे रँटी मार्टिन्स आणि बेटो. असा संघ शेवटच्या विजेतेपदानंतर तीनच वर्षांत खाली गेला. पण खरी मेख पुढे आहे. 2014-15 मध्ये डेंपो तळाला नव्हताच. अकरा संघांत तो दहावा होता. अकरावा होता पुण्याचा भारत एफसी. त्याला थेट प्रवेश मिळालेला असल्यामुळे रेलिगेशनपासून संरक्षण होते, म्हणून कुऱ्हाड दहाव्यावर पडली. आणि ज्याला वाचवले तो भारत एफसी त्या एका हंगामानंतर बंदच झाला.

या संरक्षणाचे समर्थन होऊ शकते. नव्या शहरात पैसे घालणाऱ्याला पहिल्याच वर्षी तुम्ही हाकलून देणार असाल तर तो येईल कशाला? हा प्रश्न रास्त आहे, आणि तेव्हा भारतीय फुटबॉलला पैसे घालणारे हवेच होते. परंतु डेंपोच्या चाहत्याच्या वाट्याला आलेली भावना त्यामुळे बदलून गेली. आपला संघ वाईट खेळला म्हणून होणारे दुःख माणूस पचवतो, त्यात थोडी लाजही असते. पण आपल्याहून वाईट खेळलेला संघ वर राहिला आणि आपण खाली गेलो, याचा संताप पचत नाही. पुढच्या वर्षी हेच पुन्हा घडले. 2015-16 मध्ये पुण्याचा डीएसके शिवाजियन्स तळाला होता, त्यालाही संरक्षण होते, आणि त्याच्या वर असलेला मिझोरामचा आयझॉल एफसी खाली गेला.

डेंपोने मात्र त्याच हंगामात खालचा विभाग जिंकून परतीचा हक्क मिळवला. नेमक्या त्याच वेळी भारतीय फुटबॉल महासंघाचा नवा आराखडा पुढे आला. इंडियन सुपर लीग वर, आय-लीग तिच्या खाली, असा त्याचा रोख होता. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेंपो, तिघांनीही 2016 मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. मैदानावर न हरता कागदावर खाली जायला आम्ही तयार नाही, असा त्यांच्या निषेधाचा अर्थ होता. तो निर्णय अभिमानाचा होता की आततायीपणाचा, यावर गोव्यात दोन्ही मते ऐकू येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. डेंपो आय-लीगमध्ये परतला तो 2024-25 च्या हंगामात. मधल्या काळात एक पिढी एफसी गोवाचा केशरी रंग बघत मोठी झाली.

गोव्याचे संघ गेल्यामुळे जागा रिकामी झाली आणि आयझॉलला परत बोलावले गेले. त्या संघाचा प्रशिक्षक होता खालिद जमील, ज्याने तुटपुंज्या पैशांत मुंबई एफसीला वर्षानुवर्षे वर टिकवून धरले होते आणि ज्याला त्या क्लबने 2016 मध्ये मोकळे केले होते. 30 एप्रिल 2017 रोजी आयझॉलने शिलाँग लाजाँगशी 1-1 अशी बरोबरी साधली आणि मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त मिळवून आय-लीग जिंकली. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला. कथाकाराने असे रचले असते तर संपादकाने साभार परत पाठवले असते.

आयझॉलची गोष्ट रेलिगेशनच्या बाजूची आहे की विरोधातली? दोन्हीकडचे लोक ती आपली म्हणून सांगतात. विरोधक म्हणतात, बघा, ज्यांना तुम्ही नालायक ठरवून खाली टाकलेत तेच वर्षभरात विजेते झाले. एका हंगामाच्या गुणांवरून लायकी ठरत नाही. समर्थक म्हणतात, ज्या लीगची दारे आत-बाहेर उघडतात तिथेच आयझॉलसारखा डोंगरातला छोटा क्लब मुळात पोचू शकतो. तो तिथे आला होता तो खालचा विभाग जिंकूनच. बंद लीगमध्ये त्याला विचारले कोणी असते?

मला दुसरे म्हणणे अधिक पटते, आणि त्याचे एक कारण एप्रिल 2021 मधले आहे. युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी तेव्हा स्वतःसाठी सुपर लीग जाहीर केली. संस्थापक क्लब तिथून कधीच खाली जाणार नव्हते. त्यातल्या चेल्सीच्या चाहत्याने खरे तर पेढे वाटायला हवे होते. तो रस्त्यावर उतरला, स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानाबाहेर संघाची बस अडवली, आणि दोन-तीन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब माघारी फिरले. खाली जाण्याची भीती ज्यांना कायमची माफ होणार होती, त्यांनीच ती माफी नाकारली. चाहत्याला काय हवे असते याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो. श्रीमंत देशातल्या, भरल्या पोटाच्या चाहत्याचा हा पुरावा आहे, असा आक्षेप घेता येईल. तो मी फेटाळत नाही. किट धुणाऱ्या माणसाने चेल्सीच्या चाहत्याच्या तत्त्वनिष्ठेची किंमत का मोजावी?

म्हणून माझा कौल रेलिगेशनच्या बाजूने असला तरी बिनशर्त नाही. 2019 मध्ये आशियाई महासंघाच्या संमतीने जो आराखडा ठरला, त्यात 2024-25 पासून इंडियन सुपर लीगमध्येही वर-खाली जाणे सुरू व्हायचे होते. वर येणे सुरू झाले. पंजाब एफसी 2023 मध्ये आला, कोलकात्याचा मोहम्मेडन 2024 मध्ये. 2024-25 चा हंगाम संपला तेव्हा मोहम्मेडन तळाला होता आणि खाली कोणीच गेले नाही. कोलकात्याच्या चाहत्याने सुटकेचा निःश्वास टाकला असेल, त्यात गैर काही नाही. पण हाच निःश्वास 2015 मध्ये दहाव्या क्रमांकावरच्या डेंपोला मिळाला नव्हता, हे गोव्यात कोणी विसरलेले नाही.

नियम लागू करायचाच तर तो पैसे देऊन आलेल्याला आणि खेळून आलेल्याला सारखा हवा; संरक्षणाची मुदत द्यायची असेल तर ती तळाच्या संघापुरती असावी, तिचा भार त्याच्या वरच्या संघावर पडता कामा नये. त्या वर्षी कोणीच खाली गेले नाही तरी चालेल. आणि खाली जाणाऱ्या क्लबसाठी किमान दोन हंगामांचा निधी वरच्या लीगच्या उत्पन्नातून बाजूला काढावा, ज्यातून आधी वयोगटाचे संघ आणि मैदानावरचे कर्मचारी सांभाळले जातील, मोठे करार नंतर. वरचे मालक याला आपल्या खिशातला दंड म्हणतील, आणि तोट्यात चाललेल्या लीगमध्ये त्यांची तक्रार अगदीच पोकळ नाही. तरीही हा आकडा हंगाम सुरू होण्याआधी जाहीर झाला पाहिजे, शेवटच्या सामन्यानंतर नव्हे. कारण तोवर कोण खाली जाणार हे कोणालाच ठाऊक नसते, आणि तेवढ्या अवधीतच सगळ्या मालकांचे हित एक असते.