दात लागला, तर आधी सांगा!

बालमित्रांनो,

मागच्या महिन्यात माझ्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत डाव्या हातानं डबा खात होता. उजवा हात खिशात. "हात बघू रे," म्हटलं, तर मान खाली! शेवटी हात बाहेर आला. अंगठ्याजवळ दातांच्या दोन बारीक खुणा, आणि वर आजोबांच्या चंचीतला चुना फासलेला. आदल्या संध्याकाळी घरचं पिल्लू खेळताखेळता चावलं होतं.

"घरी का नाही सांगितलंस?"

"बाई, बाबा म्हणालेत, चावलं तर लांब सोडून येईन त्याला."

आता बघा, एवढ्याशा भीतीपायी केवढा धोका! रेबीजचे विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतात. जखमेतून ते नसांच्या वाटेनं मेंदूकडे जातात. रोगाची लक्षणं एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली, तर रोग होतच नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला अशीच लस टोचली आणि तो वाचला. तुमच्याच वयाचा होता की नाही?

म्हणून दात लागला, नुसतं ओरखडलं तरी, नळाच्या धारेखाली साबण लावून जखम चांगली १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, बरं का! चुना, तिखट, हळद काही भरायचं नाही. मग घरी सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांना घाबरू नका, ती केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात. जखम पाहून लागलं तर डॉक्टर जखमेभोवतीही एक औषध टोचतात.

पिल्लाचा राग मात्र करू नका. चार ते सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याचे दुधाचे दात पडून नवे येतात, हिरड्या शिवशिवतात. त्यातून आपणच त्याच्या तोंडापुढे बोटं नाचवतो नि हसतो. मग बोट हे खेळणंच, असं त्याला वाटणार नाही तर काय! दात लागला, की खेळ तिथंच थांबवा. ओरडू नका, पळू नका, पाठ फिरवून उभे राहा. जरा वेळानं जाड दोरीची गाठ पुढे करा. ती धरली, की त्याच क्षणी "शाब्बास!" पाच मिनिटांनी केलेलं कौतुक त्याला कळत नाही, आणि पाच मिनिटांनी दिलेला मारही. दादा बोटं चावू देतो आणि ताई चापट मारते, असं झालं तर बिचारं गोंधळतं. जेवताना, झोपेत असताना तर हात लावूच नका.

पालकांनो, एक विनंती. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यांकडून रेबीजची लस टोचून घ्या, पुढे ते सांगतील तेव्हा पुन्हा. आणि "सोडून येईन" हे मुलांसमोर गमतीनंसुद्धा बोलू नका. मुलं ते खरं मानतात.

आमच्या पठ्ठ्याला त्याच दिवशी लस सुरू झाली. डॉक्टरांनी पिल्लावर १० दिवस नजर ठेवायला सांगितली होती. ते ठणठणीत राहिलं, मग त्यालाही लस मिळाली. मालकाचं अठ्ठाविसाव्या दिवसाचं इंजेक्शन तेवढं राहिलंय. त्यासाठी सोमवारी स्वारीनं अर्ध्या दिवसाची रजा मागितली आहे. अर्जावर सही बाबांची आहे.

तुमच्या बाई