एक बैल तगडा, एक थकलेला

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांवर लिहावे, हे काही गुरुजनांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यातून तो संगणक खेळांसाठी! परंतु नांदेडच्या श्रीनगर भागातील भाड्याच्या खोल्यांतून किंवा लातूरच्या वसतिगृहांतून रात्री एक फेरी मारावी, म्हणजे हा विषय कितीजणांच्या जिव्हाळ्याचा आहे ते कळेल. पैसा वडिलांचा असतो. तो कोठे घालावा हे मात्र दुकानदार सांगतो, नाहीतर थंड खोलीत बसलेला कोणी दूरचा तज्ज्ञ. म्हणून हा खटाटोप.

यंदा सोयाबीनची पट्टी आली तेव्हा वडिलांनी 20 हजार रुपये हातावर ठेवले. "अभ्यासाला लागतंय ना? घे मग," एवढेच म्हणाले. माझ्या संगणकात 2017 सालचा रायझन 5 1600 प्रोसेसर, 4 जीबीचे जीटीएक्स 1050 टीआय कार्ड आणि 8 जीबी मेमरीची एकच पट्टी. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक खेळताना ऐन चकमकीत चित्र अडखळायचे. मित्रमंडळींचा निकाल एकमुखी होता : कार्ड बदल!

लातूरच्या माझ्या एका मित्राने हेच केले होते. चौथ्या पिढीच्या, चार कोअरच्या जुन्या आय5 शेजारी त्याने आरटीएक्स 3060 बसवले. कार्ड उत्तम, 12 जीबीचे. पण एक बैल तगडा आणि दुसरा थकलेला असला, तर तिफण कोणाच्या चालीने चालते हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. कार्ड निम्मा वेळ रिकामे बसे, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर धापा टाकी. पुढे एप्रिलमध्ये त्याच्या स्वस्तातल्या एसएमपीएसने धूर काढला. या कार्डाला 170 वॅट लागतात. माझ्या जुन्या कार्डाचे 75 वॅटवर भागते, वेगळी वायरही लागत नाही. हा फरक त्याला विकणाऱ्याने सांगितला नाही, आणि यानेही विचारला नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, खरेदीआधी नेमके काय अडते ते तपासावे. त्याला खर्च नाही. खेळाचे रिझोल्युशन 1080 वरून 720 वर आणावे. फ्रेम्स चांगल्या वाढल्या, तर कार्ड कमी पडत होते. जशाच्या तशा राहिल्या, तर दोष बहुधा प्रोसेसरचा. कारण चित्र लहान केल्याने कार्डाचे ओझे उतरते, पण कोण कोठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, हा प्रोसेसरचा हिशेब तेवढाच राहतो. माझ्या फ्रेम्स जागच्या हलल्या नाहीत. विस्तीर्ण देखाव्यांचे कथाप्रधान खेळ खेळणाऱ्याचे उत्तर बहुधा उलटे येईल. त्याने खुशाल कार्ड घ्यावे.

मग 2022 साली आलेला रायझन 5 5600 घ्यायचे ठरले. माझ्या बी450 मदरबोर्डावर तो बसतो, फक्त जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावा लागतो. मदरबोर्ड वाचला, म्हणजे मोठा खर्च वाचला. शिवाय विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत माझा 1600 नाही. बायोस बदलताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याची भीती! ती तीन-चार मिनिटे मी मित्राच्या यूपीएसवर काढली. परीक्षेच्या निकालालाही माझी छाती एवढी धडधडली नव्हती.

जुन्या कार्डांविषयी थोडे. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. ती सारीच वाईट नसतात; परंतु पंखा, उरलेली वॉरंटी आणि बिल पाहिल्याशिवाय, अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सिकंदराबादला चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये जाऊन घ्याल, तर परत करायला पुन्हा रेल्वेचे भाडे भरावे लागेल, हेही किमतीत धरा.

आणि आपला उन्हाळा! पारा 42 च्या वर गेला की पत्र्याच्या खोलीत कोणतीही चिप आपला वेग आपणच कमी करते. रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटऐवजी दोन चांगले पंखे आणि नामांकित एसएमपीएस घ्यावा. दिव्यांनी फ्रेम्स वाढल्याचे मी पाहिलेले नाही.

प्रोसेसर, एसएमपीएस आणि वापरलेली 8 जीबीची दुसरी पट्टी घेऊन थोडे पैसे उरले. कार्ड तेच राहिले. दिवाळीनंतर वडील खोलीवर आले, चकचकीत डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, "ह्याच्यावर पीकविम्याचा फॉर्म भरता येतंय का रं?"

"येतंय की," मी म्हणालो. तो जुन्या प्रोसेसरवरही भरता येत होता, हे मात्र सांगण्याचा धीर झाला नाही. उरलेले पैसे त्यांच्या हातात दिले.